'एम्प्रेस'वर केबिन घेताना: मुंबईच्या क्रूझवरच्या खोल्या आणि सोयींचा परखड आढावा

कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजाचं बुकिंग करताना बहुतेक कुटुंबं एकाच प्रश्नाशी अडतात. बिनखिडकीची इंटिरियर घ्यायची, खिडकीची ओशन व्ह्यू, की बाल्कनीवाला मिनी स्वीट? एजंटही तीन फोटो दाखवून तिथेच सौदा उरकतो. पण दोन-तीन रात्रींच्या सफरीत झोप लागते की नाही, पोट ढवळतं की नाही हे खोलीच्या प्रकारावर फारसं ठरत नाही. ती कुठल्या डेकवर आहे, जहाजाच्या मध्यावर आहे की टोकाला, तिच्या वर आणि खाली काय आहे, यावर ठरतं. त्यामुळे फोटो बाजूला ठेवा आणि आधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागवा.

जहाज समजून घेतलं की खोल्यांची गंमतही कळते आणि मर्यादाही. हे जहाज 1990 सालचं. फ्रान्सच्या सँ-नाझेर इथल्या गोदीत बांधलेलं, रॉयल कॅरिबियनसाठी 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने पाण्यात उतरलेलं. नंतर ते 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं, मधली काही वर्षं पुलमंतुर या स्पॅनिश कंपनीकडे होतं, आणि 2021 पासून मुंबईत आहे. लांबी 211 मीटर, अकरा डेक, आकारमानाने सुमारे 48,500 ग्रॉस टनांचं. त्या काळात क्रूझवरची माणसं खोलीत फक्त झोपायला जात, दिवसभर डेकवर असत, असं धरूनच आखणी व्हायची. म्हणून साध्या केबिन सव्वाशे चौरस फुटांच्या आतल्या, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीएवढ्या किंवा त्याहून लहान, आणि त्यातच बाथरूम आणि कपाट. आजच्या नव्या जहाजांवर साधी केबिनसुद्धा दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची असते. बाल्कन्या मोजक्याच आहेत, त्याही मिनी स्वीटपासून वरच्या वर्गांत. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांचे व्हिडिओ पाहून इथे येणाऱ्यांचा हिरमोड होतो तो यामुळेच. खोली लहान आहे हे गृहीत धरून गेलं तर जहाज चांगलं आहे.

आता जागेचं गणित. जहाज समुद्रात मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. एक म्हणजे डावी-उजवीकडे झुलणं. ते कमी करायला पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. दुसरं म्हणजे पुढचं टोक वर-खाली होणं, आणि त्यावर स्टॅबिलायझरचा काहीच उपयोग नसतो. बागेतल्या सी-सॉसारखं आहे: मधोमध बसणाऱ्याला जेमतेम जाणवतं, टोकाचा उचलला जातो. झुलणं वरच्या डेकवर जास्त, खालच्या डेकवर कमी. म्हणून ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी खालचा डेक आणि जहाजाचा मध्य ही जोडी सोडू नये. वरच्या डेकवरची इंटिरियर अनेकदा खालच्या इंटिरियरपेक्षा महाग लावलेली असते. पोट नाजूक असलेला माणूस तिथे जास्त पैसे मोजून जास्त त्रास विकत घेतो.

आपल्या किनाऱ्यापुरती एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिवाळ्यात अरबी समुद्रावर वायव्येकडून लाटा येतात. आखाती भागातल्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या या लाटा पार आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचतात. गोव्याकडे जाताना त्या जहाजाच्या पाठीमागून येतात, त्यामुळे जाताना सफर मऊ वाटते. परतताना जहाज त्यांच्यावर चालून जातं आणि नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर-खाली व्हायला लागते. 'जाताना काहीच झालं नाही, येताना मात्र सगळे आडवे' असं ऐकू येतं त्याचं एक कारण हे आहे. गोळी घ्यायची तर परतीच्या दिवशी जहाज सुटण्याआधी तासभर घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. अव्होमिनसारख्या गोळीने झोप येते आणि तिच्यावर दारू चालत नाही. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आवळा सुपारी, आल्याच्या वड्या जवळ असू द्याव्यात, आणि उपाशीपोटी राहू नये. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. पावसाळ्यात हे जहाज मुंबईची बाजू सोडून पूर्व किनाऱ्यावर, चेन्नईकडे जातं ते उगाच नाही.

आवाजाचा नियम सोपा आहे: ज्या केबिनच्या वरही केबिन आणि खालीही केबिन, ती चांगली. वर पूल किंवा खाण्याचा डेक असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, कारण डेक धुवायचं काम त्याच वेळी चालतं. खाली थिएटर, कॅसिनो किंवा बार असेल तर रात्री एकपर्यंत बासचा दणका पलंगातून जाणवतो. भिंतीतून येणारा आवाज कापसाच्या बोळ्यांनी थोडा कमी होतो, पोलादातून येणारी धडधड थांबत नाही. पुढच्या टोकाच्या खालच्या डेकवर तिसरा त्रास आहे: बंदराला लागताना बाजूला ढकलणारे थ्रस्टर चालू होतात आणि सकाळी सहाला सगळी खोली थरथरते. दोन केबिनमध्ये जोडदरवाजा असेल तर शेजारचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. दोन्ही खोल्या आपल्याच घरच्यांच्या असतील तरच तसली जोडखोली घ्यावी. लिफ्टसमोरच्या दोन-तीन केबिनही टाळाव्यात. पण फार लांबही नको, कारण जेवणाच्या वेळी लिफ्टला रांग लागते आणि आजी-आजोबांना 211 मीटरच्या जहाजावर अर्धा बोळ चालावा लागतो. लिफ्टपासून सात-आठ दारं सोडून मिळाली तर ती उत्तम.

डेक प्लॅन वाचताना जहाजाचं नाळेकडचं टोक कुठे आहे ते आधी पाहा. खिडकीची केबिन घेत असाल तर त्या खिडकीबाहेर लाइफबोट टांगलेली नाही ना, हे खुणांच्या सूचीत तपासा. 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलेलं असेल तर तुम्ही उजेडाचे पैसे देताय, समुद्राचे नाही. बाजूही महत्त्वाची. बॅलार्ड पियरहून निघून जहाज बंदरातून दक्षिणेला जातं तेव्हा गेटवे, कुलाबा हे सगळं उजव्या हाताला असतं, आणि मावळता सूर्यही उजवीकडेच. डाव्या हाताला उरण-घारापुरीची बाजू. परतीला सकाळी बंदरात शिरताना मुंबई डावीकडे येते. कोकण किनाऱ्यासाठी म्हणून खिडकी घेत असाल तर आशा कमी ठेवा. तो टप्पा बहुतेक रात्रीच जातो आणि जहाज किनाऱ्यापासून समुद्रात बरंच आत असतं, दिसला तर एखादा दीपगृहाचा झोत दिसतो.

खिडकी घ्यावी का? दोन रात्रींसाठी, दोघंच असाल आणि मोशन सिकनेसची भीती असेल तर घ्यावी. क्षितिज दिसलं की कान आणि डोळे एकच सांगतात आणि मळमळ कमी होते. बाकी तरुण मंडळी, मित्रांचा गट, पहाटेपर्यंत डेकवर रेंगाळणारे यांनी इंटिरियरच घ्यावी आणि वाचलेले पैसे खाण्यापिण्यावर खर्च करावेत. इंटिरियरमध्ये एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. दिवा घालवला की काळोख इतका की हात दिसत नाही, आणि सकाळ झाल्याचं कळत नाही. बॅटरीवर चालणारा छोटा नाइट लॅम्प आणा. 

चौघांच्या कुटुंबाबद्दल स्पष्ट मत: एका केबिनमध्ये चौघं कोंबू नका. तिसरा आणि चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली उतरतो. त्याला शिडी लागते, आणि तो उघडला की खालच्या माणसाला ताठ बसता येत नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवणं धोक्याचंच. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर कमी असतो म्हणून मोह होतो. पण चार माणसं, चार बॅगा, एक बाथरूम आणि सकाळी साडेसातला नाष्ट्याची घाई हे एकदा डोळ्यांसमोर आणा. समोरासमोरच्या किंवा लागून असलेल्या दोन इंटिरियर केबिनची किंमत अनेकदा एका ओशन व्ह्यूतल्या चौघांपेक्षा फार जास्त निघत नाही. दोन्हींचं एकूण बिल एजंटकडून लेखी मागवा. जाहिरातीतला दर दोघांच्या खोलीतला माणशी दर असतो. त्यावर पोर्ट चार्जेस, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतात, म्हणून तुलना नेहमी शेवटच्या आकड्याची करावी. एकटा माणूस जात असेल तर त्याला दुसऱ्याचेही बरेच पैसे भरावे लागतात. आणि 'केबिन नंतर कळवू' असं कोणी म्हणालं तर जागा निवडायचा हक्क सोडताय हे समजून सूट मागा.

जोडप्यांसाठी: दोन सुटे पलंग जोडून डबल करता येतात, पण ते काम केबिन स्टुअर्ड, म्हणजे खोल्यांची व्यवस्था पाहणारा कर्मचारी, करतो आणि त्याच्याकडे एकाच वेळी बऱ्याच खोल्या असतात. जहाजावर चढल्याबरोबर, चारच्या आत सांगावं. मधल्या फटीवर एक दुलई आडवी घालून वर चादर घ्यायला सांगितली की पाठीला खाच लागत नाही. काही केबिनमध्ये पलंग काटकोनात असतात, ते जोडता येत नाहीत. हे बुकिंगच्या वेळीच विचारायचं.

खोलीत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं तपासणीला द्या. फ्लश, गरम पाणी, एसी, तिजोरीचं कुलूप, सगळे सॉकेट, आणि कपाटातली लाइफ जॅकेटं माणशी एक आहेत ना. लहान मूल असेल तर लहान मापाचं जॅकेट त्याच वेळी मागून घ्या. काही बिघडलेलं असेल तर लगेच रिसेप्शनवर नोंदवा. सहानंतर तिथे रांग लागते, आणि रिकामी खोली असेल तर ती पहिल्या तासातल्यांना मिळते.

बाथरूम हा खरा कसोटीचा भाग. संडास व्हॅक्यूमवर चालतो. झाकण लावून बटण दाबायचं. दणदणीत आवाज होतो, तो बिघाड नाही. यात पाणी थोडं आणि ओढ जास्त असते, नळ्याही अरुंद. वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपर, बडीशेपेचं पाकीटसुद्धा आत गेलं तर फक्त तुमची खोली नाही, त्या नळीवरच्या सगळ्या खोल्या बंद पडतात. फ्लश झाला नाही तर दहा मिनिटं थांबून पुन्हा दाबा. कधी कधी नळीतला दाब पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. तरी नाही झालं तर फोन करा, काडी घालून पाहू नका. मूळ अमेरिकी प्रवाशांसाठी बांधलेल्या जहाजात जेट स्प्रेवर विसंबू नये. एक छोटा प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाकलेला बरा. बाथरूममध्ये गटाराचा वास येत असेल तर बहुतेक वेळा जमिनीच्या मोरीतला सापळा कोरडा पडलेला असतो, विशेषतः खोली काही दिवस रिकामी असल्यावर. त्या जाळीत दोन मग पाणी ओतलं की वास थांबतो. बाथरूमच्या दारात पाच-सहा इंच उंच पट्टी असते, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री अंधारात तिथेच ठेच लागते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर त्याला दिवसा दोनदा ती ओलांडायला लावा आणि हात धरायचा दांडा कुठे आहे ते दाखवा. शॉवरला पडदा असतो. त्याचं खालचं टोक आतल्या बाजूला ठेवलं नाही तर पाणी थेट पलंगाच्या पायाशी येतं.

वीज. भारतीय जाड तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटात बसेल असं धरून चालू नका. चांगला युनिव्हर्सल अ‍ॅडॅप्टर हवाच. चार्जरवर बारीक अक्षरात 'इनपुट 100-240' लिहिलेलं असेल तर अमेरिकी पद्धतीच्या 110 व्होल्टवरही तो चालतो. सॉकेट मोजकेच, म्हणून चार यूएसबींचा एकच चार्जर उपयोगी पडतो. एक्स्टेन्शन बोर्ड न्यायचा मोह होतो, पण सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरणं वाचवणारी सोय) असलेला बोर्ड सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि ते योग्यच आहे. घरात एक तार जिवंत आणि दुसरी न्यूट्रल असते. जहाजावर बऱ्याचदा दोन्ही तारांत विजेचा दाब असतो. सर्ज प्रोटेक्टर फक्त एका तारेचा प्रवाह तोडतो, दुसरी चालूच राहते, आणि बोर्ड तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने 2013 मध्ये यावर खास इशारा काढला होता. इस्त्री, किटली, इमर्शन रॉड, मेणबत्ती, अगरबत्ती यांनाही याच कारणाने बंदी: समुद्रात अग्निशमन दल येत नाही. सकाळचा पहिला चहा खोलीतच लागत असेल तर चांगला थर्मास आणा आणि रात्री फूड कोर्टमधून गरम पाणी भरून घ्या. बाहेरची दारू आणि खाद्यपदार्थ तपासणीत अडवले जातात. बाळाचं अन्न आणि औषधं प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत ठेवावीत.

भिंती पोलादी असतात, हा लहान खोलीचा सर्वात मोठा फायदा. चार-सहा मजबूत लोहचुंबकी हुक घेऊन गेलात तर टोप्या, ओले पंचे, पिशव्या, गळ्यातली कार्डं सगळं भिंतीवर जातं आणि जमीन मोकळी राहते. दाराबाहेर एखादं ओळखीचं चुंबक लावलं की सारख्याच दिसणाऱ्या बोळात मुलांना आपली खोली सापडते. बॅग कापडी घ्या, कडक कवचाची नको. मोकळी केल्यावर ती पलंगाखाली सपाट सरकते.

मोठी बॅग धक्क्यावरच जमा होते आणि खोलीत यायला दोन-चार तास लागतात. तोपर्यंत पोहायचे कपडे, औषधं, चष्मा, मूळ ओळखपत्र हातात असलं पाहिजे. उतरायच्या आदल्या रात्री बॅग बाहेर बोळात ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढून ठेवा.

मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत एका ठिकाणी जमण्याचा सराव, चुकवू नका. सात लहान आणि एक लांब भोंगा म्हणजे लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जायचं. ती जागा दाराच्या आतल्या बाजूच्या नकाशावर लिहिलेली असते. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकाला लागली तेव्हा नव्याने चढलेल्या प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. आपल्याला तर 17 जुलै 1947 ची 'रामदास' बोट आठवायला हवी. मुंबईहून रेवसला निघालेल्या त्या बोटीवरचे सहाशेहून अधिक लोक याच बंदराच्या तोंडाशी बुडाले. मुलांना घेऊन केबिनपासून त्या ठरलेल्या जागेपर्यंत (मस्टर स्टेशन) एकदा जिन्याने चालत जा, लिफ्टने नाही. आगीच्या वेळी लिफ्ट बंद असते.

बाकी सोयी थोडक्यात. फूड कोर्ट आणि स्टारलाइट रेस्टॉरंट तिकिटात येतात, जैन जेवण मिळतं पण ते बुकिंगमध्येच नोंदवावं. चॉपस्टिक्स या रेस्टॉरंटचे पैसे वेगळे. स्टारलाइटमध्ये रात्रीच्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. लहान मुलं असतील तर पहिली वेळ मागा, नाहीतर मूल टेबलावरच झोपतं. पूल एकच आणि दुपारी गच्च भरतो. सकाळी नाष्ट्याआधी गेलात तर पाणीही स्वच्छ आणि जागाही मोकळी. मुलांची अ‍ॅकॅडमी आणि चढायची भिंत चांगली चालवलेली सोय आहे, भिंतीसाठी बंद बूट लागतात. वाय-फायचे पैसे वेगळे आणि उपग्रहावरचं असल्याने व्हिडिओ कॉलची अपेक्षा नको. किनारा सुटला की फोन एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाच्या सागरी नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला तर रोमिंगचं बिल घरी येतं. जहाजावरचा सगळा खर्च केबिनच्या कार्डावर चढतो, म्हणून मुलांच्या कार्डावर खरेदी बंद ठेवायला पहिल्याच दिवशी सांगा आणि हिशेब उतरायच्या आदल्या रात्री तपासा. शेवटच्या सकाळी हिशेबाची रांग सर्वात लांब असते.

लक्षद्वीपच्या सफरीला हीच केबिन, पण एक फरक: जहाज बेटाला लागत नाही, बाहेर नांगर टाकून लहान बोटींनी उतरवतात. हलत्या दारातून हलत्या बोटीत पाऊल टाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना ते झेपत नाही, आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द होतं. अशा माणसासाठी गोव्याची सफर बरी, तिथे मुरगाव बंदरात जहाज थेट धक्क्याला लागतं.

निवाडा असा: दोघांना मधल्या भागातली, खालच्या डेकची, उजव्या बाजूची ओशन व्ह्यू. चौघांना लागून दोन इंटिरियर. आई-वडिलांसाठी लिफ्टपासून सात-आठ दारांवरची इंटिरियर, जोडदरवाजा नसलेली. मिनी स्वीट मात्र चार रात्रींच्या सफरीला घ्यावा. दोन रात्रींत बाल्कनीत बसायला एक संध्याकाळ मिळते, आणि एसी चालू असताना तिचं दार उघडं ठेवलं तर दमट हवेने खोलीच्या काचा आणि लादी ओली होते.